बेचाळीस जणांची यादी

आमच्या छापखान्यात परीक्षांचे पेपर छापतात, म्हणून आत फोन न्यायची सक्त मनाई. फाटकाशी माझी चौकी. चौकी कसली, खोलीच्या नावाखाली एक खोकं आहे, आणि त्याच्या मागच्या भिंतीला लाकडी खणांचं कपाट. त्रेचाळीस खण, त्रेचाळीस फोन. सकाळी आठला फोन द्यायचा आणि माझ्याकडून पत्र्याचा बिल्ला घ्यायचा, संध्याकाळी पाचला बिल्ला द्यायचा आणि फोन न्यायचा. मधल्या वेळात घरी पाहुणे येवोत नाहीतर आग लागो, फोन मिळणार नाही. चौकीतल्या फोनवर निरोप ठेवा, मी आत पोचवते. एकोणीस वर्षं हेच करतेय. लोक मला तोंडावर मावशी म्हणतात आणि पाठीमागे कुलूपबाई. मला दोन्ही चालतं.

त्या वर्षी खोकल्याची साथ होती. कोणाला लागण झाली की आरोग्य खातं त्याचा फोन तपासायचं. मागच्या आठवड्यात त्या फोनच्या आसपास कोणाकोणाचे फोन होते ते काढायचं आणि त्या सगळ्यांना पंधरा दिवस घरात बसवायचं. फोनवर हिरवी खूण असेल तरच दवाखान्यात पाऊल टाकता यायचं. ज्याच्याकडे तसला फोन नाही त्याने खात्याकडून सही-शिक्क्याची चिठ्ठी आणायची. माझ्याकडे बटणांचा फोन. बोलण्यापलीकडे त्याला काही येत नाही.

मला ती चिठ्ठी हवी होती गुरुवारसाठी. गुरुवारी माझ्या लेकीचं सिझर ठरलं होतं. याआधी दोनदा तिचं पोटातच गेलं होतं, दुसरं तर सातव्या महिन्यात. जावई बोटीवर, आणि बोट साथीमुळे कुठल्याशा बंदरात अडकवून ठेवलेली. सासरी मागेपुढे कोणी नाही. दवाखान्याने एकाच माणसाला परवानगी दिली होती आणि तिथल्या फॉर्मवर लेकीने मला घातलं होतं. "आई, तू दाराबाहेर बसलीस तरी चालेल, पण हवीस," एवढंच ती म्हणाली. मागणारी पोर नाही ती. लहानपणी चप्पल तुटली तर तुटकी चप्पल माझ्यासमोर आणून ठेवायची, नवी हवी असं म्हणायची नाही. म्हणून तिचं ते "हवीस" माझ्या काळजात रुतलं होतं. चार महिने मी दिवस मोजत होते.

सोमवारी सकाळी सगळे आत गेल्यावर खात्याची मुलगी आली. पंचविशीची असेल. गळ्यात ओळखपत्र, हातात पाटीएवढा स्क्रीन, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. मागोमाग आमचे साहेब, चेहरा असा की घरात कोणी गेलंय.

"तुमचे मशीनवाले काल दवाखान्यात दाखल झाले," ती मला म्हणाली. "तपासणीत लागण निघाली."

म्हणजे आमचा शाईवाला. मोठी छपाई मशीन तोच चालवतो. नखं कायम निळी, म्हणून शाईवाला. चाळिशीचा, गरीब स्वभावाचा माणूस, नाकासमोर चालणारा. कसा आहे विचारलं, तर म्हणाली, खोकला आहे, पण बोलतोय, जिवाला धोका नाही.

मग तिने स्क्रीन माझ्यापुढे धरला. छापखान्याचा वरून दिसणारा नकाशा, आणि फाटकापाशी ठिपक्यांचा असा गुंता की गुळाला मुंगळे लागावेत.

"मागचा आठवडाभर, रोज नऊ तास, त्यांच्या फोनपासून हातभर अंतरात बेचाळीस फोन होते," ती म्हणाली. "त्या बेचाळीस जणांना आजच घरी पाठवावं लागेल."

"आणि छापखाना पंधरा दिवस बंद," साहेब म्हणाले. "परीक्षेचं काय करायचं ते मला सांगा कोणीतरी."

मी नकाशा निरखून बघितला. ठिपके कुठे होते कळल्यावर माझं डोकंच फिरलं.

"ही माझी चौकी आहे," मी म्हटलं. "या चौकीत त्रेचाळीस माणसं? अहो बाई, मला एकटीला आत शिरताना पोट आत ओढावं लागतं."

"मशीन चुकत नाही, मावशी."

"मशीन कशाला चुकेल? फोन इथेच होते की." मी कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं. त्रेचाळीस खण, त्यातला एक रिकामा. बाकीच्यांत फोन गुमान पडलेले, दोन-तीन आपले घुरघुरत होते. "फोन एकमेकांना चिकटून होते. माणसं आत आहेत, आपापल्या खोलीत. फोनला काय ठाऊक आपला धनी कुठं आहे ते?"

"फोन माणसाच्या खिशात असतो असं धरलंय," ती म्हणाली.

"कोणी धरलंय?"

ती खणांकडे बघत राहिली आणि मग माझ्या स्टुलावर बसली. बसू का म्हणून विचारलंही नाही, पण मी सोडून दिलं, कारण तिचा चेहरा उतरला होता. आतापर्यंत दोनेकशे माणसांना या ठिपक्यांवरून घरी बसवलंय, ती म्हणाली. त्यांच्यापैकी कितींचे फोन असे कुठल्या कपाटात पडले होते, कितींचे भिंतीपलीकडे होते, तिला आता कसं कळणार?

मी तिला पाणी दिलं. पाणी पिऊन तिने मला समजावलं, आणि समजावते छान ती. फोन उपग्रहांना विचारतो, मी कुठं आहे. उघड्या मैदानात उत्तर चार-पाच पावलांपर्यंत बरोबर येतं. छपराखाली, उंच भिंतींमध्ये तेच उत्तर वीस-तीस पावलं इकडचं तिकडे होतं. म्हणून कोण कोणाच्या जवळ हे ठरवायला फोन एकमेकांची चाहूल घेतात. चाहूल मोठी असेल तर जवळ, बारीक असेल तर लांब. पण चाहूल भिंत ओळखत नाही, आणि कपाटही.

"म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या," मी म्हटलं.

साहेबांना हसू आलं, तिलाही. मग ती म्हणाली, "मावशी, तुम्हीच सांगा. कोण कोणाजवळ असतं?"

हे विचारायला ती अगदी योग्य जागी आली होती. पेपर फुटू नयेत म्हणून आमच्याकडे प्रत्येक खोलीला कुलूप. जुळणीवाल्यांनी छपाईत यायचं नाही, छपाईवाल्यांनी घड्या घालायच्या खोलीत जायचं नाही, पाकिटं भरणाऱ्या बायकांनी तर कागद उलटूनसुद्धा बघायचा नाही. डबाही आपापल्या खोलीत खायचा. कुठली किल्ली कोणी कधी नेली ते सगळं माझ्या वहीत. एका छपराखाली राहून एकमेकांपासून इतकी लांब राहणारी माणसं तिला सगळ्या शहरात मिळाली नसती, आणि नेमकं त्यांनाच मशीनने एका खोक्यात कोंबलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आम्ही तासभर वही घेऊन बसलो. एकेक करत ती यादीवर काट मारत गेली. शेवटी शाईवाल्याजवळ दोघंच उरले: त्याच्या मशीनला कागद लावणारा, आणि रद्दी कागद गोळा करून यंत्रात फाडणारी बाई. दोघांना बोलावून तिने अंगणात उभ्या-उभ्याच सांगितलं. बाई चटकन बरं म्हणाली, घरी बसायला मिळालं तर तेवढीच विश्रांती. कागदवाल्याने मात्र तोंड पाडलं. त्याचा बाप आजारी, रोज त्याच्याकडे जावं लागतं. तरी बिल्ला माझ्या हातात ठेवला, फोन घेतला आणि गेला.

आणि मी त्याच्याकडे बघत उभी. ते का, तेही सांगते.

बुधवार ते शनिवार, चार दिवस, जेवणाच्या सुट्टीत शाईवाला माझ्या चौकीत बसला होता. मीच बोलावलं होतं. ऑपरेशन झाल्यावर बाळाचं तोंड बोटीवर बसलेल्या बापाला दाखवायचं होतं, आणि ते लेकीच्या फोनवरून मला करावं लागणार होतं, कारण ती गुंगीत असणार. मला तर काचेच्या फोनला बोट कुठं लावायचं तेही ठाऊक नाही. शाईवाला म्हणाला, मी शिकवतो मावशी, वीस मिनिटांचं काम आहे. वीस मिनिटांचं काम मला चार दिवस लागलं. कामाच्या वेळात मी त्याच्या खणातला फोन काढून त्याच्या हातात दिला. मी, जिने एकदा साहेबांच्या मेव्हण्याचासुद्धा फोन ठेवून घेतला होता. कुंपणच शेत खात होतं, म्हणून कोणाला दिसू नये यासाठी मी खिडकी लावून घ्यायची. मास्कने चष्म्यावर वाफ धरते म्हणून माझा मास्क हनुवटीवर. मला नीट ऐकू येईना म्हणून त्याचाही. त्या तळहाताएवढ्या काचेवर आम्हा दोघांची डोकी. शनिवारी तो दोनदा खोकला. "कागदाची धूळ," म्हणाला. मीही म्हटलं, धूळच.

त्या मुलीच्या नकाशावर यातलं काहीच नव्हतं. फोन खणात असो की खणाखाली स्टुलावर, ठिपका तिथल्या तिथेच. आणि माझा तर ठिपकाच नव्हता.

"तुमच्या मशीनवाल्यांनाही विचारलं मी आज सकाळी," मुलगी सामान आवरता आवरता म्हणाली. "सुट्टीत कोणाबरोबर बसायचात म्हणून. ते म्हणाले, कोणाबरोबर नाही, एकटाच बसायचो."

म्हणजे तो दवाखान्याच्या खाटेवरून माझ्यासाठी खोटं बोलला होता. गुरुवार त्याला तोंडपाठ होता, मीच चार दिवस तेच तेच बोलत होते ना. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि दोघांनीही मूठ झाकलेली. तिसऱ्या कोणाला कळायचं काही कारण नव्हतं.

"मावशींना गुरुवारी लेकीच्या सिझरसाठी दवाखान्यात जायचंय," साहेबांनीच विषय काढला. भला माणूस. "त्यांच्याकडे साधा फोन आहे. तुम्ही इथेच चिठ्ठी दिलीत तर त्यांची एक फेरी वाचेल."

"का नाही," ती म्हणाली. पिशवीतून छापील कागद काढला, मांडीवर ठेवून भरला, शिक्का मारला आणि माझ्या हातात दिला. लागण झालेल्याशी संपर्क नाही, असं त्यावर होतं. शिक्का अजून ओला होता, म्हणून मी कागद फुंकला.

"मावशी, आज तुमच्यामुळे चाळीस माणसं सुटली," ती म्हणाली. "आमच्या सगळ्या मशिनींपेक्षा तुम्ही पक्क्या. मी वर कळवणार आहे हे. तुमच्यासारखं डोळ्यांनी बघून खरं सांगणारं कोणी सगळीकडे असतं तर आमचं काम किती सोपं झालं असतं."

साहेबही मान हलवायला लागले. मला ते सहन होईना. मी काही देवमाणूस नाही. घरी येताना बसवाल्याने चुकून तिकीट फाडलं नाही तर मी आठवण करून देत नाही. पण तासभर मी त्या पोरीला सुनावत होते की फोनला काय कळतं, माणसाला विचारा. आणि आता तिने माणसाला विचारलं होतं. कागदवाला बापाला न भेटता मुकाट घरी गेला होता, माझ्या सांगण्यावरून. आणि लेक आठवडाभर आधीच दाखल झालेली, तिच्या वॉर्डात सहा खाटा. तिच्या शेजारची जुळ्यांची वाट बघतेय, पलीकडची तर एकोणीस वर्षांची पोर आहे, असं लेक मला रोज सांगायची. मी त्या खोलीत जाऊन खोकले तर?

आणि तरीसुद्धा मी ती चिठ्ठी घडी करून पदराला बांधली होती. गाठ मारली होती. हे मी लपवत नाही.

"अगं थांब," मी म्हटलं. कधी तिला अगंतुगं करायला लागले कळलंच नाही. ती फाटकापर्यंत गेली होती. "अजून एक लिही."

"कोण?"

"मी. बुधवार ते शनिवार, रोज वीसेक मिनिटं. या चौकीत, खिडकी लावून. मास्क खाली होते."

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. "मावशी, कामाच्या वेळात? फोन काढून?"

"हो."

"तुम्हीसुद्धा?"

त्या दोन शब्दांनी मला जेवढं लागलं तेवढं त्यांनी शिव्या घातल्या असत्या तरी लागलं नसतं. मुलगी परत आली, स्टुलावर बसली आणि लिहायला लागली. मी पदराची गाठ सोडून चिठ्ठी तिच्यापुढे ठेवली. तिने ती फाडली नाही, नुसती पिशवीत टाकली. "गुरुवारी दुसरं कोणी आहे का तिच्याजवळ?" तिने खालच्या आवाजात विचारलं. मी म्हटलं, कोणी नाही. तिचे डोळे भरले होते. माझे कोरडेच होते, मला अजून लेकीला फोन करायचा होता.

फोन मी अंगणातल्या कागदाच्या गठ्ठ्यांवर बसून केला. आडवळणाने सांगणं मला जमत नाही, सरळ सांगितलं.

"तुला कोणी विचारलं होतं का?" लेकीने विचारलं.

"नाही."

"तुझं नाव कुठल्या यादीत होतं?"

"नव्हतं."

"मग का सांगितलंस, आई?"

मी गठ्ठ्याची सुतळी बोटाला गुंडाळत राहिले.

"एकोणीस वर्षं त्यांचं फाटक सांभाळलंस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, ते जास्त वाईट होतं. "मी कधी काही बोलले नाही. एक दिवस माझ्यासाठी गप्प बसली असतीस तर काय झालं असतं?"

उत्तर होतं माझ्याकडे, सहा खाटांचं. पण दिवस भरलेल्या एकट्या बाईला कोणी हिशेब ऐकवतं का? मी म्हटलं, "चुकलं माझं. फोन शिकायला नको होता त्याच्याकडून." तिने फोन ठेवला.

गुरुवारी मी घरात होते. सकाळपासून फरशी पुसली, डबे घासले, पुसलेली फरशी पुन्हा पुसली. बाराच्या सुमारास एका नर्सबाईचा फोन आला. मुलगी झाली, अडीच किलो, दोघी ठीक आहेत. लेकीला द्या म्हटलं, तर म्हणाली, झोपलीय. संध्याकाळीही झोपलेलीच होती, दुसऱ्या दिवशीही. मी समजले. जावयाने बाळाचं तोंड शनिवारी पाहिलं, ते त्या एकोणीस वर्षांच्या पोरीने दाखवलं.

आणि गंमत अशी की मला काहीच झालं नाही. पंधरा दिवसांत साधी शिंक नाही. दोनदा तपासणीला माणूस येऊन गेला, दोन्हीदा काही निघालं नाही. कागदवाल्याला ताप आला नि चार दिवसांत उतरला. शाईवाला बरा होऊन घरी गेला, तिथून त्याने फोन केला. "मावशी, आयुष्यात एकदा धड खोटं बोललो होतो, तेही तुम्ही वाया घालवलंत." आम्ही दोघं हसलो, मग मी रडले, तर तो बिचारा घाबरला. साहेबांनी कपाटाच्या किल्ल्या ऑफिसात घेतल्या आणि मला कागदाच्या गोदामावर घातलं. नियम नियम आहे. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

सोळाव्या दिवशी मी लेकीच्या घरी गेले. दार तिनेच उघडलं. बारीक झाली होती, केस तसेच गुंडाळलेले, खांद्यावर बाळ. मी उंबऱ्यातच उभी राहिले.

"तुला काही झालं नाही ना?" तिने विचारलं.

"नाही."

"कधीच नव्हतं?"

"नाही."

"म्हणजे तू आली असतीस तर चाललं असतं."

"हो," मी म्हटलं. "चाललं असतं."

बाळाने कुरकुर केली, तिने थोपटलं.

"मला अजून राग आहे, आई. जाईल असं वाटत नाही."

"राग ठेव तुझ्यापाशी," मी म्हटलं, "पोर दे इकडे."

तिने दिलं.